घर्षण नगण्य मानावे

९ मे २०१६, सोमवार. सकाळी ११.२०

आज अक्षय्य तृतीया. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम वाचायला घ्यायला याहून चांगला मुहूर्त नाही. खरं तर गेल्या सोमवारीच सुरू करणार होतो, पण कॅलेंडरवर हे दिसलं आणि थांबलो. याला नियोजन म्हणतात. ताई याला दुसरं काहीतरी म्हणते.

परिस्थिती एकदा लिहून काढतो, म्हणजे डोकं मोकळं. गारखेड्यात श्रीरंग सरांचे क्लासेस आहेत. त्यांचा फिजिक्सचा मास्तर कोट्याला पळाला. अकरावीच्या बॅचला नवा पाहिजे. रविवारी ५ जूनला डेमो लेक्चर. जमलं तर बॅच माझी आणि क्लासच्या वरची खोली राहायला. नाही जमलं तर वैजापूर. बाबा तिथल्या तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून रिटायर झाले. त्यांचं म्हणणं, तहसीलच्या दारात टेबल टाक आणि लोकांचे अर्ज लिहून दे. अर्जनवीस! निजाम गेला, शब्द राहिला, आणि आता तो माझ्या गळ्यात घालायचा बेत आहे.

सकाळी बाबांचा फोन होता. त्यांना डेमोचं सांगितलं. म्हणाले, ठीक आहे, पाच जूनपर्यंत मी वैजापूरचा विषय काढत नाही, शब्द देतो. मी म्हणालो, नंतरही काढायची गरज पडणार नाही.

श्रीरंग सरांनी शिक्षण विचारलं तेव्हा मी बी.एस्सी. म्हणालो. पहिल्या वर्षाला दिवाळीपर्यंत होतो. पूर्ण झालं का, हे त्यांनी विचारलंच नाही. शिकलेल्या माणसाला नेमका प्रश्न विचारता येत नाही, त्याला मी काय करू.

१० मे. दुपारी

औरंगपुऱ्यातून फिजिक्सचं जुनं पुस्तक आणलं. आधीच्या मालकानं पहिल्या पाच धड्यांत पेन्सिलीनं इतक्या रेघा मारल्यात की वाचवत नाही. म्हणून एकदम सहावा उघडला. आणि सापडलं!

वीस मीटर उंचीवरून दगड सोडला. जमिनीवर पोचताना वेग किती? बाकीचं जग काय करतं: गतीची तीन समीकरणं, त्यातलं कुठलं लावायचं यावर दहा मिनिटं, मग रडारड. मी काय करतो: वर असताना दगडाकडं स्थितिज ऊर्जा, mgh. खाली पोचताना ती सगळीच्या सगळी गतिज झालेली, ½mv². ऊर्जा कुठं जात नाही, म्हणजे दोन्ही समान. दोन्हीकडचा m उडाला. राहिलं v² = 2gh. g दहा धरा. चारशे. वर्गमूळ वीस. सेकंदाला वीस मीटर. खलास.

दगड केवढा, माहीत नाही. सरळ पडला की गुळगुळीत उतारावरून घसरत आला, माहीत नाही. माहीत करून घ्यायची गरजच नाही. सुरुवात बघायची, शेवट बघायचा. मधलं ज्यांना दुसरं काम नाही त्यांनी बघावं. ही पद्धत माझ्यासाठीच कुणीतरी काढलेली आहे.

उदाहरणाखाली बारीक अक्षरात लिहिलंय: घर्षण नगण्य मानावे. मानलं. मी तसाही बारीकसारीक गोष्टी मनाला लावून घेत नाही.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून वीस गणितं. तीन समीकरणांना हात लावायचा नाही. ती गाईड वाचून पास होणाऱ्यांसाठी आहेत.

११ मे

पाचला उठलो नाही. उंचीवर स्थितिज ऊर्जा जास्त म्हणून गच्चीवर झोपलो होतो. ती जास्तच होती, खाली उतरवेना. साडेआठला ऊन तोंडावर आलं तेव्हा उतरलो.

१२ मे. सकाळी

दाजींना पद्धत समजावली. दाजी म्हणजे ताईचे मिस्टर, केशव. शेंद्र्याला कंपनीत इंजिनिअर आहेत, पण स्वभावानं बरे. शहराच्या कडेला सातारा परिसर नावाच्या वस्तीतलं हे घर त्यांचं. इथं प्रत्येक रिकाम्या प्लॉटवर बिल्डिंग उभी राहतेय आणि एकाही बिल्डिंगला महापालिकेची पाइपलाइन नाही. याला शहराची वाढ म्हणतात.

गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आपल्या नळापासून पाच मीटर वर. दोन गुणिले दहा गुणिले पाच, शंभर. वर्गमूळ दहा. म्हणजे आपल्या नळातून पाणी सेकंदाला दहा मीटर वेगानं यायला पाहिजे. दाजी पेपरातून डोकं न काढता म्हणाले, सोडून बघ. सोडला. नळ खोकला, दोन थेंब पडले, गप्प. टाकी रिकामी. चार दिवस टँकर नाही.

दाजी हसले. इंजिनिअर लोकांना सिद्धांत आणि पुरवठा यातला फरक कळत नाही. सिद्धांत बरोबर आहे. पाणी नव्हतं.

ताईनं तेवढ्यात काम लावलं: यापुढं टँकर आला की खाली जायचं आणि पाइप हौदात धरून उभं राहायचं. फ्लॅटवाले बाकी सगळे नोकरीला जातात म्हणे, घरी तू एकटाच. एकटा मीच विचार करतो, हे तिच्या लक्षात येत नाही.

१४ मे

टँकर आला. पाइप धरला. शेजारच्या प्लॉटवर पत्र्याच्या खोलीत वच्छलाबाई राहतात, बांधकामावर कामाला. पूर्वी करमाडकडं त्यांची मेंढरं होती. चारा संपला तशी विकली. त्यांचा मुलगा बिरू हाच टँकर चालवतो, त्यामुळं शेवटचे दोन हंडे त्यांना मिळतात.

बाई हंडा डोक्यावर घेऊन निघाल्या तेव्हा म्हटलं यांनाही ज्ञान मिळावं. म्हणालो, मावशी, फिजिक्सप्रमाणं तुम्ही सपाट रस्त्यानं हंडा नेता तेव्हा हंड्यावर कार्य शून्य. उंची बदलत नाही, ऊर्जा बदलत नाही.

त्या थांबल्या. काम शून्य व्हय? व्हय, म्हणालो. कायच नाय? कायच नाय. मग धर, म्हणाल्या, आणि हंडा माझ्या खांद्यावर.

टँकरपासून पत्र्यापर्यंत दीडशे पावलं. कार्य शून्य झालं. मान वळत नाही. बिरू पायरीवर बसून बिडी ओढत बघत होता. म्हणाला, मास्तर, एवढं चालले आन् शून्यच भरलं का? त्याची आई हसून हसून खाली बसली.

अडाणी माणसापुढं ज्ञान काढू नये. आजचा अभ्यास मानेमुळं रद्द.

१५ मे

सांडूचा फोन. हा अजिंठ्याला लेण्यांच्या पायथ्याशी टुरिस्टांना चमकणारे दगड विकतो. दोन वर्षांपूर्वी मीही त्याच्याबरोबर चार महिने विकत होतो. त्याच्याआधी पुण्याला कॉल सेंटर, त्याच्याआधी मोबाइलची कव्हरं. सगळीकडून मीच सोडलं, एक पुणं सोडून. सांडू म्हणतो दोन दिवस ये. अजिंठ्याला दरी आहे. दरी म्हणजे h. अभ्यास म्हणूनच जातोय.

१९ मे

परत आलो. मे महिन्यात अजिंठ्याला कुत्रंसुद्धा फिरकत नाही. सांडूनं चार दिवस मला दुकानावर बसवलं आणि स्वतः सासुरवाडीला गेला. दरी बघितली. अंदाजे ऐंशी मीटर. तोंडी केलं: वेग चाळीस. एका गुजराती फॅमिलीला सांगितलं, इथून दगड पडला तर खाली चाळीसच्या वेगानं पोचेल. त्यांनी पोरांना मागं ओढलं आणि निघून गेले. भारतात वैज्ञानिक दृष्टिकोन नाही.

डेमोला सतरा दिवस. भरपूर.

२० मे

नवं वेळापत्रक केलं. तीन रंगांत. हिरवा म्हणजे गणितं, निळा म्हणजे वाचन, लाल म्हणजे विश्रांती. लाल पेन संपलं म्हणून ते आणायला गेलो. दिवस त्यातच गेला, पण वेळापत्रक बघण्यासारखं झालंय.

२२ मे, रविवार. दुपारी

आज प्रयोग. पुस्तकी मास्तर आणि माझ्यात हा फरक.

ताईची स्कूटी घेऊन दौलताबादच्या घाटात गेलो. वरच्या वळणापासून खालच्या सपाटीपर्यंत उंची पंचेचाळीस मीटर धरली. दोन गुणिले दहा गुणिले पंचेचाळीस, नऊशे. वर्गमूळ तीस. सेकंदाला तीस मीटर म्हणजे ताशी एकशे आठ किलोमीटर. इंजिन बंद करून, ब्रेकला हात न लावता. एकशे आठला वारा लागतो म्हणून हेल्मेटच्या आत रुमाल बांधला. खंडोबाचं नाव घेतलं. सोडली.

एकेचाळीस.

परत वर ढकलत नेली, परत सोडली. एकोणचाळीस. तिसऱ्या वेळी शेळ्यांनी भरलेला एक टेंपो मला ओव्हरटेक करून गेला. शेळ्या मागं वळून माझ्याकडं बघत होत्या.

निष्कर्ष: स्कूटीचा मीटर खराब आहे.

२३ मे

जुन्या बाजारात मेकॅनिककडं गेलो. त्यानं मीटर उघडला, फुंकला, चाक फिरवून बघितलं. म्हणाला, मीटर एकदम बराबर है भाई, गाडीच नै भाग रई. मी त्याला सांगितलं की गाडी एकशे आठनं पळायला पाहिजे होती, ऊर्जेच्या हिशेबानं. त्यानं शेजारच्या दुकानातल्या माणसाला हाक मारली, अरे इदर आ, सुन जरा. मग मला परत सांगायला लावलं. मग आणखी एकाला बोलावलं. चौथ्या वेळी मी निघालो. निघताना ओरडला, टायर में हवा कम है, ब्रेक का लायनर चिपका है, वो भी हिसाब में लिख लो मास्टर.

म्हणजे आता मेकॅनिकांनी मला घर्षण शिकवायचं. शहागंजला मटणाचा नान-खलिया खाल्ला. ताईला सांगायचं नाही.

संध्याकाळी बिरू भेटला. तो रोज उतारावर टँकर न्यूट्रल मारतो, डिझेल वाचतं म्हणून. त्याला सांगितलं, वस्तुमान उडतं, भरलेला काय नि रिकामा काय, वेग एकच. बिरू म्हणाला, मास्तर, तुमी एकदा भरल्या टँकरचा ब्रेक मारून बघा, मग सांगा काय उडतंय.

याला आयुष्यात टँकरच मिळणार.

२६ मे. रात्री

भांडण झालं. लिहून ठेवतो कारण चूक माझी नाही.

गॅलरीत लिंबू वर फेकून उंचीवरून वेग काढत होतो. पाच मीटर गेलं तर हातातून सुटताना दहाचा वेग. तिसऱ्या लिंबाला पाच मीटर गाठले. खालून हॉर्न वाजला. वाजू दे म्हटलं, लय तुटेल. परत वाजला. चौथं लिंबू वरच्या मजल्यावरच्या सोलरच्या काचेवर गेलं. ते प्रकरण मिटवून खाली उतरलो तर टँकर गेलेला. कुणी पाइप धरायला नाही म्हणून बिरूनं पुढच्या बिल्डिंगला पाणी ओतलं. आता चार दिवस नाही.

ताई बँकेतून आली, बादलीत डोकावली, मग माझ्याकडं बघितलं. आवाजसुद्धा चढवला नाही. म्हणाली, शंतनू, तुझ्या त्या पद्धतीचं मला कळलं. सुरुवात तुझी, शेवट तुझा, आणि मधलं सगळं आम्ही करायचं. आणि उद्या तू टाकी घासणार आहेस, नाहीतरी रिकामीच आहे.

ताई म्हणजे चारुता, एम.कॉम. फिजिक्सचा फ सुद्धा माहीत नाही.

२८ मे

श्रीरंग सरांनी ऑफिसात बोलावलं होतं. डेमोला दोघं आहेत म्हणे. दुसरी उमेदवार बसलेलीच होती. सुकेशनी. बी.एस्सी. शेवटच्या वर्षाची परीक्षा आत्ताच दिलेली, करमाडहून बसनं येते. वहीला खाकी कव्हर, त्याला प्लास्टिकचं कव्हर. माझी सगळी भीती गेली.

तिला विचारलं, कोणता टॉपिक? ती म्हणाली, घर्षण. मी हसलो. मोठ्या मनानं सल्ला दिला की घर्षण नगण्य मानायचं असतं, त्यावर तासभर बोलायला काय आहे? माझी पद्धत सांगितली. दगड, वीस मीटर, वेग वीस, एका ओळीत. तिनं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, दादा, आणि वेळ किती लागला विचारलं तर? मी म्हणालो, ऊर्जेच्या समीकरणात वेळ येतच नाही, तीच तर गंमत. ती म्हणाली, समीकरणात नाय येत, पेपरात येतो.

असल्या लोकांमुळं शिक्षणाची ही अवस्था आहे.

सर म्हणाले, दोघांनी आपापल्या विषयाची जाहिरात कचरूला सांगा, पेपरात पत्रक टाकणार आहोत. कचरू म्हणजे शेजारचा डीटीपीवाला. ती समोर बसून त्याला एकेक शब्द लिहून देत होती. मला चहा प्यायचा होता, मी नंतर फोनवर सांगितलं: विषय एनर्जी कॉन्झर्व्हेशन, एका ओळीत उत्तर, व्याख्याते शंतनू सर. आणि मराठीत टाक, सामान्य माणसाला कळलं पाहिजे. तो म्हणाला, कळलं साहेब, बचत. कसली बचत वगैरे म्हणत होता, कागदाची असेल. ठेवला फोन.

१ जून

हिरव्या रंगाची गणितं अजून सुरू झालेली नाहीत. हरकत नाही. एकच समीकरण आहे, त्याचा सराव तो काय करायचा. आरशासमोर प्रवेशाचा सराव केला. डावीकडून येणार.

४ जून

आज पेपरात पत्रक पडलं. आमच्या पेपरातलं दाजींनी बघून घडी घालून ठेवलं, म्हणाले, तू उद्याच बघ. भावुक झाले असावेत.

परिणाम मात्र मानायला पाहिजे. जिन्यात वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड काका भेटले, ज्यांचा सोलर. लिंबाचं सगळं विसरून हात हातात घेतला. म्हणाले, फार गरजेचा विषय घेतलात, उद्या आम्ही सगळे ज्येष्ठ नागरिक येतोय. फक्त गिझरबद्दल दोन शब्द बोला. मी म्हणालो, बोलू. गिझर टाकीच्या खाली असतो, म्हणजे उंचीचा फरक आहेच.

वच्छलाबाईही म्हणाल्या, उद्या येते, सुट्टी घेतली. बायका आणते चार. विज्ञान तळागाळात पोचतंय. टीव्ही सेंटरकडच्या एका महिला मंडळाचा सरांना फोन आला म्हणे. फिजिक्सला महिला मंडळ! कोट्याला गेलेल्या मास्तरला हे जमलं होतं का?

वैजापूरसाठी भरून ठेवलेली बॅग माळ्यावर टाकली.

५ जून. सकाळी ८

निघतोय. शर्ट आकाशी. डावीकडून प्रवेश.

५ जून. संध्याकाळी

जसं झालं तसं लिहितो.

हॉल भरलेला. पुढच्या रांगांत ज्येष्ठ नागरिक, मग महिला मंडळ, मग वच्छलाबाई आणि बायका, बिरू दाराशी. अकरावीची पंधरा-वीस पोरं पार मागं, भिंतीला चिकटून. काहींच्या हातात लाइटबिलं होती. मला वाटलं टिपणं काढायला पाठकोरे कागद आणलेत.

डावीकडून प्रवेश केला. फळ्याच्या वर बॅनर होता. तेव्हा वाचला.

‘ऊर्जा बचत! एका ओळीत उपाय! व्याख्याते: शंतनू सर. जागतिक पर्यावरण दिनानिमित्त.’

कचरू हा माणूस नाही. अक्षय्यता आणि बचत यातला फरक ज्याला कळत नाही त्याच्या हातात शासनानं कीबोर्ड देऊ नये. मी सरांकडं बघितलं. सर हॉलकडं बघत होते, त्यांनी इतकी माणसं आधी कधी बघितली नसावीत. मी ठरवलं, विषय बदलायचा नाही. सुरू केलं. ऊर्जा निर्माण होत नाही, नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते. दगड. वीस मीटर. mgh. एम उडाला. वेग वीस. एका ओळीत. थांबलो, टाळ्यांसाठी.

सोलरवाले काका म्हणाले, छान, पण गिझर? एक बाई म्हणाल्या, दगड कशाला पाडायचा? मग वच्छलाबाई उठल्या. पदर खोचला. म्हणाल्या, बाळा, ऊर्जा नष्ट होत नाय म्हणतो ना तू? मी म्हणालो, नाही. कधीच नाय? कधीच नाही. मग आमी बिल कशाचं भरतो? घरात एकच बल्ब हाय. वापरलेली लाइट जर हायेच कुठंतरी, तर ती परत घ्या म्हणावं.

हॉल एकदम त्यांच्या बाजूला गेला. खरंय, खरंय. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही.

मागून एका पोरानं हात वर केला. देवाला हात जोडले मनात, विद्यार्थी तरी आहेत. सर, दगड खाली यायला वेळ किती लागेल? मी म्हणालो, वेळ महत्त्वाचा नाही. श्रीरंग सर शेवटच्या रांगेतून म्हणाले, सांगा, सांगा, सीईटीला येतं. मी खडू घेतला. उंची वीस, वेग वीस. वीस भागिले वीस, एक. एक सेकंद, म्हणालो. तेही एका ओळीतच.

सुकेशनी खाकी वही मांडीवर घेऊन बाजूला बसली होती. हळूच म्हणाली, दादा, तुमचा वीस बरोबर आहे, पण तो जमिनीला टेकतानाचा. हातातून सुटताना दगड थांबलेला होता. सगळा रस्ता त्यानं विसानं नाय कापला. मी विचारलं, मग? ती म्हणाली, वेग सेकंदाला दहानं वाढतो. शून्यापासून विसापर्यंत जायला दोन सेकंद. मागच्या पोरांनी वहीत दोन लिहिलं. मी उभा होतो तिथून दिसत होतं. माझं एक कुणीच लिहिलेलं नव्हतं.

पाणी प्यायला खाली बसलो आणि तिनं उठून खडू घेतला. वच्छलाबाईंनाच विचारलं, मावशी, रात्री बल्बला हात लावून बघितलाय का? भाजतो, म्हणाल्या. सुकेशनी म्हणाली, तीच तुमची लाइट. नष्ट नाय झाली, घरभर ऊब होऊन पसरली. स्टोव्ह विझवल्यावर रॉकेलचा वास घरभर होतो, तो गोळा करून परत बाटलीत भरता येतो का? नाय. बिल त्या न परतणाऱ्याचं. बाई म्हणाल्या, आता कळलं, लुटतेत पण कायद्यानं. सगळे हसले. मग ती फळ्याकडं वळली: आता दगड उताराचा घ्या, खडबडीत उताराचा. वरची ऊर्जा एवढी, खालची एवढी, मधली गेली कुठं? पोरं पुढं येऊन बसली. ज्येष्ठ नागरिकही उठले नाहीत. समीकरण माझंच होतं. शेवटी फक्त एक पद जास्त लिहिलं, घर्षणाचं.

पब्लिक पटवायची कला आहे तिच्याकडं. त्याला शिकवणं म्हणत नाहीत.

बिरूनं टँकरमधून घरी सोडलं. वाटेत एकदाही मास्तर म्हणाला नाही. ते जास्त लागलं.

६ जून

सरांचा फोन. बॅच सुकेशनीला. खोलीही तिलाच, रोजचं करमाड वाचेल म्हणाले. मग म्हणाले, शंतनू सर, गर्दी तुमच्यामुळं जमली हे मी नाकारत नाही. आवाज चांगला आहे, उभं राहणं चांगलं आहे. शाळांच्या गेटवर आपली पत्रकं वाटायला कुणीतरी पाहिजे. मी म्हणालो, विचार करून सांगतो. माझ्यासारख्या माणसानं गेटवर उभं राहायचं! तो प्रश्नच नाही.

८ जून

विचार केला. तत्त्व म्हणून वाईट नाही, विद्यार्थ्यांशी थेट संपर्क राहतो. सरांना फोन केला. ते म्हणाले, अरे, ते काम कालच कचरूच्या भावाला दिलं.

९ जून

ताईनं माळ्यावरून बॅग काढून दिली. आतलं काही बाहेर काढलेलंच नव्हतं, त्यामुळं पॅकिंग एका मिनिटात झालं. दाजी म्हणाले, स्टँडवर सोडतो. ताईनं डब्यात थालीपीठं दिली आणि काहीच टोमणा मारला नाही. म्हटलं, मार एखादा. म्हणाली, जाऊ दे रे.

वैजापूरला जातोय तो माझा निर्णय आहे. दोन-तीन महिने. शांतता लागते. तिथं घर्षणाचा धडाही बघून टाकीन.

१३ जून, सोमवार. सकाळी १०.३०, वैजापूर

तहसीलसमोर. कडुलिंबाखाली टेबल, खुर्ची, वर ताडपत्री. बाबांनी जागा चांगली धरलीय, झेरॉक्सवाल्याच्या शेजारी. उत्पन्नाचा दाखला पाहिजे म्हणून एक म्हातारा सकाळपासून समोर उभा आहे. त्याला सांगितलं, थांबा, मी लिहितोय.

टेबलाला पत्र्याची पाटीही आहे. ‘शंतनू लासूरकर, अर्जनवीस’. अक्षर टपोरं, रंग पार वाळलेला, वर धुळीचा थर. फडक्यानं पुसली तर खाली कोपऱ्यात रंगाऱ्याचं नाव निघालं, पुंजाराम आर्ट्स, आणि तारीख: १० मे २०१६.

बाबांना विचारलं. ते चष्मा पुसत बसले.

१० जून लिहायचं ते १० मे लिहिलंय. या गावात एका माणसाला साधी तारीख नीट लिहिता येत नाही.